सव्वाआठला नेट जातं कुठं?

“सुट्टी! सुट्टी! पोट्टेहो, शाळेले सुट्टी!”

गोपाल धावत आला तो एक चप्पल पायात आणि दुसरी हातात असा. रविवारची संध्याकाळ होती. पौर्णिमा ओसरीत बसून माठाला ओलं फडकं गुंडाळत होती, आणि मोहसीन पायरीवर बसून कैरीच्या फोडींना तिखटमीठ लावत होता. तिघंही सातवीतले. भांडणं एकमेकांशी आणि बेतही एकमेकांशीच!

“ऊन लई वाढलं म्हणून उद्यापासून शाळा बंद! कलेक्टर सायबाचा हुकूम आला,” गोपाल धापा टाकत म्हणाला. “आता बेत आयका. उद्या नाल्याच्या डोहात पोहणं. परवा सरपंचाच्या मळ्यात कैऱ्या. अन् तेरवा...”

“तेरवा सरपंच तुले त्याच कैरीच्या झाडाले बांधून ठेवन,” मोहसीन म्हणाला आणि सगळ्यात मोठी फोड त्याने स्वतःच्याच तोंडात टाकली.

तेवढ्यात पौर्णिमेच्या आईचा फोन वाजला. रागिणी मॅडम! त्या अमरावतीहून रोज रेल्वेने मूर्तिजापूरला उतरत आणि तिथून ऑटोने पिंपळशेंड्याच्या शाळेत येत. फोनमध्ये खरखर फार होती, पण मॅडमचा आवाज त्या खरखरीलाही पुरून उरणारा होता.

“पौर्णिमा, सगळ्यांना सांग. शाळा बंद असली तरी शिकणं बंद नाही! उद्यापासून घरशाळा. रोज सकाळी आठ ते दहा मी फोनवर शिकवीन. ज्याच्याकडे फोन नाही, त्याने शेजाऱ्याच्या फोनसमोर बसायचं. आणि कहकशाँला नक्की सांग. शनिवारी नऊ वाजता तिची तोंडी परीक्षा आहे. केंद्रप्रमुख सरही फोनवर असतील.”

गोपालच्या हातातली चप्पल खाली पडली. “गेला डोह! गेल्या कैऱ्या!”

मोहसीनने मात्र कैरीच्या फोडी बाजूला सारल्या. कहकशाँ त्याची धाकटी बहीण. जानेवारीत तिला टायफॉइड झाला आणि दोन महिने ती अंथरुणावर होती. आता पाचवीला पास व्हावंच लागतं. लेखी परीक्षा तिने कशीबशी दिली होती. राहिली होती ती तोंडी. ती बुडाली, तर तिच्या सगळ्या मैत्रिणी सहावीत जाणार आणि ती एकटी मागे राहणार.

“अन् आपल्या गावात फोन लागते कुठं?” मोहसीन हळूच म्हणाला.

खरंच होतं ते. पिंपळशेंडा नाल्याकाठच्या खोलगट जागी वसलेलं. फोनवर एक दांडी आली तरी लोक नशीब म्हणत. नेट मिळायचं ते एकाच ठिकाणी, ग्रामपंचायतीजवळ. पंचायतीच्या भिंतीवर उंच बसवलेला एक पांढरा डबा होता. त्याचा हिरवा दिवा लागला, की समोरच्या कडुनिंबाखाली साऱ्या जगाशी बोलता येई.

“मंग कडुनिंबाखाली भरवू घरशाळा!” पौर्णिमा म्हणाली. “आठ-दहाच्या सुमाराला तिथं चांगली सावली असते.”

“घरशाळा नाई, झाडशाळा म्हण!” गोपाल कुरकुरला. पण दुसऱ्या दिवशी सतरंजी घेऊन सगळ्यांच्या आधी तोच हजर होता.

*

सोमवारी सकाळी कडुनिंबाखाली वीस मुलं आणि पाच फोन जमले. मॅडमचा चेहरा दिसताच सगळ्यांनी एका सुरात “नमस्ते मॅडम!” केलं. कहकशाँ पुढे बसली होती. दुखण्यातून उठलेली, मनगटं काडीसारखी, पण डोळे चमकणारे. तिच्या शेजारी तिची अम्मी, हाजराबी, मांडी घालून बसली होती.

हाजराबींना मराठी वाचता येत नव्हतं. पण त्या रोज मुलीला म्हणत, “तू वाच, मैं सुनती. अटकली तं मले समजतेच.” आणि खरंच समजायचं! लेक अडखळली की त्यांची भुवई उंच जाई. घरी कहकशाँ अभ्यासाला बसली की त्या दाराच्या कडीला लाल चिंधी बांधत. कहकशाँचे अब्बू, कुर्बानचाचा, गाद्या शिवायचे, त्यामुळे घरात चिंध्यांना तोटा नव्हता. लाल चिंधी दिसली की कुणी हाक मारायची नाही, पाणी आणायला पिटाळायचं नाही. हा त्या घरचा कायदाच होता, आणि खुद्द कुर्बानचाचाही त्या वेळी दबक्या पावलांनी आत येत.

“चला, तेराचा पाढा!” मॅडम म्हणाल्या.

“तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस...” कहकशाँ सुरात म्हणू लागली. “तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साती... तेरा साती...”

हाजराबींची भुवई वर गेली. आणि त्याच क्षणी मॅडमचा चेहरा फोनवर थिजला! तोंड उघडं, बोट वर.

“मॅडम पुतळा झाल्या!” गोपाल ओरडला.

पाचही फोनवर तेच. पौर्णिमेने वर पाहिलं. डब्याचा हिरवा दिवा विझला होता. घड्याळात सव्वाआठ वाजले होते.

लाइट गेली असेल म्हणावं, तर समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफट फिरत होता! मुलं ताटकळत बसली. नऊ वाजून वीस मिनिटांनी दिवा आपोआप लागला. तोवर निम्मी मुलं घरी गेली होती आणि उरलेल्यांना घरच्यांनी कामाला लावलं होतं.

मंगळवारी तेच. बुधवारीही तेच! बरोबर सव्वाआठला नेट गायब.

“हे काही खरं नाई,” पौर्णिमा म्हणाली. “चला सरपंचाकडे.”

सरपंच जानराव कूलरपुढे बनियनवर बसून टरबूज खात होते. पंचायतीचा शिपाई चंद्रभान बिया काढून देत होता.

“काका, पंचायतीचं नेट रोज बंद पडून राहिलं. आमची शाळा बुडून राहिली.”

“उन्हानं व्हते ते,” जानराव बी थुंकून म्हणाले. “डबा तापते, बंद पडते.”

“सकाळी सव्वाआठला तापते? अन् नऊ-वीसले, ऊन वाढल्यावर थंड होते?” पौर्णिमेने विचारलं.

चंद्रभानला हसू आलं. त्याने ते टरबुजाच्या फोडीत लपवलं.

“लई शायनी झाली व तू!” जानराव म्हणाले. “म्या कंपनीत तक्रार केली हाय. मानूस येईन. जा आता, ऊन लागन.”

“कवा येईन काका? शनिवारी माह्या बहिनीची परीक्षा हाय,” मोहसीनने विचारलं.

“येईन म्हटलं ना बे!”

बाहेर आल्यावर मोहसीनने एक दगड लाथेने उडवला. “मानूस येईन, मानूस येईन! तोवर कहकशाँ पाचवीतच म्हातारी होईन!”

“मोठ्या मानसाईच्या भरवशावर नाई राहायचं,” पौर्णिमा म्हणाली. “आपणच शोधू. आजपासून मी वहीत सगळं लिहिते, मागचे तीन दिवसबी. नेट कवा गेलं, कवा आलं, तवा गावात काय चालू होतं, समदं!”

“मंग हेबी लिहिजो,” गोपाल म्हणाला, “का गोपालले सकाळपासून फक्त दोन पोळ्या भेटल्या.”

*

गुरुवारी नवल घडलं. सव्वाआठ झाले, साडेआठ झाले, नऊ झाले, तरी नेट गेलंच नाही! दहापर्यंत झकास वर्ग झाला. कहकशाँने अख्खा धडा न अडखळता वाचला. फक्त पाढ्यात ती ‘तेरा साती’पाशी पुन्हा थबकली.

“नेट गेलं नाही,” पौर्णिमेने वहीत लिहिलं.

“अन् हेबी लिही, पाणपोईचा रांजण कोरडा ठणठणीत!” गोपाल लालबुंद होऊन आला. “मी तिकून परत आलो. एक थेंब नाई! बाजूच्या हौदातबी पानी नाई, बकऱ्या नुसत्या चाटून राहिल्या. गोपाल तहानेनं मेला, असं लिही!”

“लिहिते बाप्पा,” पौर्णिमा हसत म्हणाली आणि तिने खरंच लिहिलं, ‘रांजण कोरडा. गोपाल तहानेने मेला.’

ही पाणपोई पंचायतीच्या कुशीला, मूर्तिजापूरच्या रस्त्यावर होती. टिनाच्या छपराखाली दोन मोठे रांजण आणि शेजारी गुरांसाठी हौद. वैशाखात ती रोज सकाळी भरलेली असे. कोण भरतं ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं! कुणी म्हणे गिरणीवाला मोतीराम, कुणी म्हणे देवळातला पुजारी. विचारलं तर जो तो कानावर हात ठेवी. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, आणि थंड पाणी पिऊन लोक त्या अनोळखी माणसाला दुवा देऊन पुढे जात.

शुक्रवारी सव्वाआठला नेट पुन्हा गेलं.

त्या संध्याकाळी कहकशाँ ओसरीवर येऊन बसली. आज ती नेहमीसारखी बडबडत नव्हती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “पौर्णिमादीदी, उद्या नेट गेलं तं मी नापास ना?”

“काऊन नापास? मॅडम नंतर घेतील ना!”

“नाई. केंद्रप्रमुख सर उद्याच अहवाल देनार हायत. मॅडम बोलल्या अम्मीले.” तिने पौर्णिमेचा हात धरला. “मले समदं येते दीदी. ‘तेरा साती’बी येईन. पन नेटच नसलं तं सांगू कोनाले?”

कहकशाँ गेल्यावर पौर्णिमेने वही उघडली आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. सोमवार, नेट गेलं. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, गेलं. गुरुवार, गेलं नाही. गुरुवार... रांजण कोरडा. गोपाल तहानेने मेला.

ती ताडकन उठली. “आई! बाकीच्या दिवशी पाणपोईत पाणी होतं ना?”

“होतं की. सोमवारी मीच प्यायली,” आई देवापुढची समई लावत म्हणाली. “असं काऊन पुसतं?”

नेट गेलं, तेव्हा पाणी होतं. पाणी नव्हतं, तेव्हा नेट होतं! पौर्णिमा चप्पल न घालताच मोहसीनच्या घराकडे धावली.

*

शनिवारी सकाळी आठच्या आधीच तिघं पंचायतीच्या मागच्या बाजूला पोचले. तिथे बाभळीचं कुंपण होतं आणि सहसा कुणी फिरकत नसे. भिंतीवर विजेचा एक बोर्ड होता. त्यात एकच पिन खोचलेली होती, आणि तिची वायर भिंतीवरून सरळ वर पांढऱ्या डब्याकडे गेली होती. बोर्डाखाली दुसरी एक जाड वायर लोंबत होती. तिची पिन मोकळीच होती.

“ही बोअरच्या मोटरीची वायर,” मोहसीन म्हणाला. “मोटर जमिनीत खोल. चालू झाली तरी आवाज येत नाई.”

“बोर्डात जागा एक, अन् पिना दोन,” पौर्णिमा पुटपुटली. “लपा आता!”

लपायला साधन तयार होतं. कुर्बानचाचांची हातगाडी मोहसीनने पहाटेच तिथे आणून लावली होती. तिच्यावर गुंडाळलेल्या तीन नव्याकोऱ्या गाद्या. गोपाल मधल्या गादीच्या गुंडाळीत शिरला, मोहसीन आणि पौर्णिमा गाडीआड बसले.

“अबे, लई गरम होऊन राहिलं!” गादीतून आवाज आला. “माहा तं वडा तळून राहिला इथं!”

“गप! वडे बोलत नसतात,” मोहसीनने गादीवर चापट मारली.

सव्वाआठ वाजले. कुंपणाच्या फटीतून एक माणूस आत आला. उंच, वाकलेला, एक पाय ओढत चालणारा. डोळे सोडून सगळं तोंड पांढऱ्या दुपट्ट्याने गुंडाळलेलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, बोर्डातली पिन हळूच काढली आणि मोटरीची पिन खोचली. वरचा हिरवा दिवा पटकन विझला.

एवढ्यात गादीतल्या कापसाने आपलं काम केलं.

“आऽऽक् छी!”

गादी उलगडली आणि गोपाल धप्पकन त्या माणसाच्या पायाशी पडला. “चोर! चोर! धरा!”

पण तो माणूस पळाला नाही. त्याने गोपालला हात देऊन उठवलं, त्याच्या केसांतला कापूस झटकला आणि ओठांवर बोट ठेवलं.

“कोन हाय तुमी? बोला ना!” मोहसीन ओरडला.

माणसाने मान हलवली. बोट पाणपोईकडे केलं, मग आकाशाकडे, मग पुन्हा ओठांवर. पौर्णिमा एकदम पुढे झाली. तिची आई चातुर्मासात पूजा संपेपर्यंत अशीच बोलत नसे आणि असेच हातवारे करी.

“थांब मोहसीन! त्यांचं मौन हाय.”

माणसाचे डोळे हसले. तो खाली बसला आणि धुळीत बोटाने लिहू लागला, ‘रांजण भरून पहिला तहानलेला पाणी पिईपर्यंत बोलत नाही, पाणीही पीत नाही. कोणाला सांगू नका.’ मग त्याने तोंडावरचा दुपट्टा खाली केला.

“महादेव आबाजी!” तिघांच्या तोंडून एकदमच निघालं.

महादेवराव! सत्तरी उलटलेले, देवळाच्या पायरीशी गुपचूप बसणारे, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले. पौर्णिमेला आठवलं, गुरुवारी आबाजी डोळे दाखवायला अकोल्याला गेले होते. म्हणून रांजण कोरडा! पूर्वी ते अंधार असताना विहिरीचं पाणी ओढून आणत, म्हणून कुणाला दिसत नसत. यंदा गुडघ्याने दगा दिला तशी त्यांनी मोटरीची वाट धरली; तिचं पाणी नळाने थेट रांजणात पडे, म्हणून उजाडल्यावरही कुणाला कळत नसे. दान करायचं ते गुप्त करायचं, आणि काम संपलं की काढलेली पिन जागच्या जागी लावून ठेवायची. इतका नेटका माणूस!

“आबाजी,” पौर्णिमा हळू आवाजात म्हणाली, “तुमी काढता ती पिन नेटच्या डब्याची हाय. ती काढली का आमची शाळा बंद पडते. अन् आज नऊ वाजता कहकशाँची परीक्षा हाय.”

आबाजींनी आधी वर डब्याकडे पाहिलं, मग हातातल्या पिनकडे. त्यांचा चेहरा पार उतरला. त्यांनी मोटरीची पिन काढली, डब्याची परत लावली आणि धुळीत एकच शब्द लिहिला, ‘चुकलो.’ मग कोपऱ्यातली बादली उचलली आणि पाय ओढत शाळेच्या हापशीकडे निघाले.

दोन रांजण आणि एक हौद! त्या गुडघ्याने? आणि भरून होईपर्यंत पोटात पाण्याचा घोटही नाही?

पौर्णिमेने धावत जाऊन बादलीची कडी धरली. “आबाजी, तुमी देवळाच्या पायरीवर बसा. पानी आमी भरतो. अन् तुमच्या व्रतात खंड नाई पडू देत. मौनबी आमीच पाळतो!”

“म्हणजे मीबी?” गोपाल घाबरून म्हणाला.

“तूबी! अन् कोनाले सांगायचं नाई. आईची शपथ!”

तिघांनी गळ्याला चिमटा घेतला. आबाजींनी तिघांच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे पुसत ते निघून गेले. घड्याळात आठ पस्तीस झाले होते.

*

त्यानंतरची वीस मिनिटं वाऱ्यासारखी गेली! मोहसीन गल्लीगल्लीतून मुलं गोळा करत सुटला. “घागर, बादली, गंज, जे भेटन ते घेऊन चला!” हापशी करकर वाजायची, म्हणून तो अब्बूंच्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटलीही घेऊन आला. हापशीपासून पाणपोईपर्यंत, कडुनिंबाच्या मागून, मुलांची रांग उभी राहिली.

“आयका,” पौर्णिमा म्हणाली. “रांजण भरेपर्यंत कोनी एक शब्द बोलायचा नाई. इकडे कहकशाँची परीक्षा, तिकडे आपली. जो बोलला तो नापास!”

नऊ वाजले. कडुनिंबाखाली स्टुलावर फोन ठेवला होता. हाजराबींनी झाडाच्या फांदीलाच लाल चिंधी बांधली. वर हिरवा दिवा लुकलुकत होता. फोनवर रागिणी मॅडम दिसल्या, आणि दुसऱ्या चौकटीत जाड चष्म्याचे केंद्रप्रमुख सर.

“वाच बेटा,” सर म्हणाले.

कहकशाँ वाचू लागली. तिच्या मागून घागरी सरकू लागल्या. या हातातून त्या हातात, भरलेल्या पुढे, रिकाम्या मागे. भांड्याला भांडं लागू दिलं नाही कुणी. एका लहानग्याच्या पायावर पाणी सांडलं, तरी त्याने तोंडातून ‘हाय’ काढलं नाही. एरवी शाळेचं छप्पर उडवणारी ही पोरं! वीस जणांचं ते मौन पाहून पिठाच्या गिरणीसमोर उभे असलेले लोकही बोलायचे थांबले. गिरणीवाल्याने आपणहून पट्टा बंद केला.

वाचन झालं, प्रश्न झाले.

“आता पाढा. तेराचा,” सर म्हणाले.

पौर्णिमेच्या हातातली घागर क्षणभर थांबली.

“तेरा एके तेरा... तेरा पाचे पासष्ट, तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साती...”

कहकशाँ थांबली. हाजराबींची भुवई वर गेली. रांगेत गोपाल तर लालेलाल झाला. उत्तर त्याच्या जिभेवर नाचत होतं, पण बोलला तर मौन मोडणार! त्याने दोन्ही गाल फुगवले, डोळे गच्च मिटले आणि बादली पोटाशी धरून तो नुसता डुलत राहिला.

कहकशाँने मागे वळून पाहिलं नाही. डोळे मिटले. बोटांवर काहीतरी मोजलं. अठ्ठ्याहत्तर आणि दहा... आणि तीन...

“तेरा साती एक्क्याण्णव!” ती ठणकावून म्हणाली, आणि पुढचा पाढा धबधब्यासारखा आला.

“शाब्बास!” केंद्रप्रमुख सर हसले. “पास! अगदी स्वतःच्या बळावर पास! पण बाळा, तुझ्यामागून मघापासून घागरी चालल्यात आणि आवाज कसा तो नाही. हा काय प्रकार?”

“सर, ते मौनात हायत,” कहकशाँ गंभीरपणे म्हणाली. “पानी भरेपर्यंत.”

शेवटची बादली रांजणात रिती झाली. दोन्ही रांजण काठोकाठ, हौदही भरलेला! पौर्णिमेने पहिला गडू भरला. आता पहिला तहानलेला कोण? कहकशाँचा घसा बोलून बोलून कोरडा पडला होता. ती गटागटा प्यायली, आणि...

“होऽऽऽ!”

वीस तोंडांतून चाळीस मिनिटं दाबलेला आवाज एकदम सुटला! कडुनिंबावरचे कावळे उडाले. “एक्क्याण्णव! एक्क्याण्णव!” गोपाल गावभर ऐकू जाईल असा ओरडत सुटला.

*

तो गलका ऐकून जानराव आणि चंद्रभान मोटरसायकलवरून आले.

“काय धिंगाणा हाय? कोनाची परवानगी घेतली?”

“काका, बरं झालं आलात,” पौर्णिमा गोड आवाजात म्हणाली आणि फोनचं तोंड तिने त्यांच्याकडे वळवलं. “केंद्रप्रमुख सर लाइनवर हायत. नेटची तक्रार तुमी कंपनीत कवा केली, तेवढं सांगता?”

जानरावांनी घाईघाईने शर्टाची बटणं लावली. “नमस्कार साहेब! तक्रार... म्हंजे आता करनारच व्हतो...”

जमलेल्या लोकांत खसखस पिकली.

“तक्रारीची गरज नाई, काका. डबा चांगला हाय,” मोहसीन म्हणाला. “मागच्या बोर्डात जागा एक अन् पिना दोन. मोटर लावली का नेट बंद. बस, येवढंच!”

“आऽऽ!” चंद्रभानने कपाळाला हात लावला. “मेकॅनिक म्हनला व्हता, डब्याची वायर आतून घ्या. म्या म्हटलं, तात्पुरती राहू द्या बाहेरून. आठ महिने झाले!”

“एक्स्टेंशन बोर्ड तरी लावायचा होता,” फोनमधून सर म्हणाले.

“हाय ना साहेब! नवाकोरा हाय, कपाटात,” चंद्रभान अभिमानाने म्हणाला. “वापरून खराब होऊ नाई म्हनून पिशवीबी नाई काढली!”

आता मात्र हशाने कडुनिंब हलला. रागिणी मॅडमनी तोंडाला पदर लावला. जानराव कानापर्यंत लाल झाले.

“पन मोटर कोन लावत व्हतं?” त्यांनी आवाज चढवला. “त्याले पह्यले पुढं आना!”

पौर्णिमेने क्षणभर देवळाच्या पायरीकडे पाहिलं. मग ती सरपंचांकडे वळली.

“कोन लावत होतं ते राहू द्या, काका. त्या मानसाच्या हातचं पानी तुमीबी पिता. आमाले येवढंच विचारायचं हाय, बोर्डात जागा एकच काऊन होती?”

जानराव डोक्यावरची टोपी सारखी करत म्हणाले, “खरं हाय, पोरी. चूक आमची. चंद्रभान, कपाट उघड. आत्ताच्या आत्ता!” आणि मुलांकडे वळून त्यांनी चक्क हात जोडले. “गावाले तुमी शिकवलं आज. माह्या मळ्यातल्या कैऱ्या तुमच्या!”

“सगळ्या?” गोपालने लगेच विचारलं.

“अबे, पोटात माईन तेवढ्या!”

केंद्रप्रमुख सर म्हणाले, “मी चाळीस शाळा पाहतो. पण असा वर्ग आज पहिल्यांदा पाहिला. आणि हाजराबी, मॅडमनी सांगितली ती तुमची लाल चिंधी प्रत्येक गावात बांधायला हवी.”

हाजराबी लाजून ओढणी सावरू लागल्या. “मैं क्या करी साब, सिरफ सुनी,” त्या म्हणाल्या. पण कुर्बानचाचांनी त्याच दिवशी चिंध्यांचं अख्खं गाठोडं वाटून टाकलं. सोमवारी सकाळी आठ वाजता गावातल्या ज्या ज्या घरी लेकरू होतं, त्या घराच्या कडीला लाल चिंधी लटकत होती.

या गडबडीत कहकशाँने पाणपोईतून दुसरा गडू भरला. तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. पण देवळाच्या पायरीवर एक म्हातारे आबाजी सकाळपासून बसलेत आणि त्यांचे ओठ सुकलेत, एवढं तिला झाडाखालून दिसलं होतं. पाणी न सांडता ती चालत त्यांच्याकडे गेली.

“आबाजी, पानी घ्या.”

महादेवरावांनी दोन्ही हातांनी गडू घेतला, कपाळाला लावला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायले. गर्दीतून पौर्णिमा, मोहसीन आणि गोपाल त्यांच्याकडेच पाहत होते. गोपालने तर पुन्हा गाल फुगवून तोंड गच्च मिटलं होतं.

गडू परत देताना आबाजींनी त्या दिवसाचा पहिला शब्द उच्चारला.

“एक्क्याण्णव,” ते म्हणाले आणि हसले. “मलेबी कधीच याद नाई राहिलं, माय. तू पक्कं केलं.”